राखून ठेवलेला शब्द

टॅनर कोव्हमध्ये कुणी मेलं की दोन गोष्टी व्हायच्या. चर्चची घंटा वाजायची आणि एल्डा हर्टल ओव्हन पेटवायची. घंटेचं कुणाला फारसं काही वाटत नसे. एल्डाच्या खिडकीतून काकवीचा आणि आल्याचा वास रस्त्यावर आला की मात्र मयताच्या घरची माणसं सावरून बसत.

तसं तिचं काम साधं होतं. गावातून ‘हार्बर बीकन’ नावाचं चार पानी साप्ताहिक दर गुरुवारी निघायचं आणि त्यातल्या निधनवार्ता एल्डा लिहायची. नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर मासळी, वादळ आणि मरण याखेरीज बातमी ती कसली असणार? त्यामुळे पेपर हातात पडला की लोक आधी तिचं पान उघडत, आणि त्या पानात एकच शब्द शोधत. डिस्कॉन्सोलेट.

आपल्याकडे निधनवार्तेखाली ‘शोकाकुल’ लिहिलं की पुढे बायको, मुलं, सुना, जावई, नातवंडं आणि जागा उरलीच तर समस्त मित्रमंडळ. टॅनर कोव्हला असला खैरातीचा कारभार नव्हता. तिथे एका मयतामागे एकाच माणसाला हा शब्द मिळे. बाकीचे नुसते ‘मागे’ असत. नियम पेपरचा जुना मालक वेंट्झेल याचा. एल्डा शाळा सोडून त्याच्याकडे टायपिंगला लागली तेव्हा त्यानं तिला समोर बसवून समजावलं होतं.

“हे बघ पोरी, दुःखी कोण नसतं? मांजर हरवलं तरी माझी बायको दुःखी असते. दुःखी माणसाला चहा दे, पाठीवरून हात फिरव, दोन शब्द बोल, तो सावरतो. डिस्कॉन्सोलेट म्हणजे ज्याला यातलं काही लागूच पडत नाही तो. आणि असे एका घरात दोघं नसतात.”

“का नसतात?”

“दोघं असले तर एकमेकांना धरून रडतील की! मग झालंच ना सांत्वन?”

एल्डाला हे पटलं ते कायमचं. म्हातारा गेला, पेपर त्याच्या मुलाकडे आला, मुलाकडून नातवाकडे. शब्द मात्र एल्डाकडेच राहिला. त्या शब्दाची तिला इतकी चाड की कुणी उगाच तोंडात घेतला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. नातू गॉर्डन नवीन होता तेव्हा त्यानं एकदा हॉकीच्या बातमीत हरलेल्या संघाचे पाठीराखे डिस्कॉन्सोलेट होऊन घरी गेले असं लिहिलं. एल्डानं लाल पेन्सिलीनं तो शब्द असा खोडला की कागद फाटला.

“घरी जाऊन जेवले ना ते?” तिनं विचारलं.

“जेवले असतील.”

“मग ‘हिरमुसले’ लिही.”

शब्द कुणाला द्यायचा हे ठरवायची तिची स्वतःची रीत होती. मयताच्या दुसऱ्या दिवशी ती आल्याचा केक घेऊन त्या घरी जायची. गप्प बसायची आणि बघायची. कोण तुकडा उचलतं, कोण दुसरा घेतं, कोणाला डबा समोर असल्याचा पत्ताच नाही. वाणसामानवाल्या झिंकची बायको थेल्मा, नवरा जाऊन दिवस उलटला नव्हता तर केक चावत म्हणाली, “जायफळ जरा जास्त झालंय गं.” थेल्माला शब्द मिळाला नाही. चार वर्षं ती एल्डाशी बोलली नाही, आणि पुढे बोलायला लागली ती फक्त टोमणे मारायला. उलट एमॉस निकल नावाचा एकटा म्हातारा, त्याच्या होडीतला जोडीदार बुडाला तेव्हा मांडीवरचा केक तसाच घेऊन उठला आणि चालू लागला. तुकडा जमिनीवर पडला तेही त्याला कळलं नाही. एल्डानं शब्द बुडालेल्याच्या बायकोला न देता एमॉसला दिला. त्या बायकोनं चर्चमधला बाकच बदलला. पण गावानं मान डोलावली. पहिल्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेची जागा शब्दवाल्याची. पाद्रीबुवा आधी त्याचा हात हातात घेणार. हे सगळं त्या एका शब्दावर चाले.

एल्डाचं स्वतःचं आयुष्य म्हणाल तर ते लेमच्या ताटाभोवती गेलं. लेम तिचा धाकटा भाऊ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आई गेली तेव्हा एल्डा तिशीची होती, लेम सत्ताविशीचा. सेल्विन नावाच्या एका बऱ्या माणसानं तिला मागणी घातली होती. तिनं सांगितलं, “लेमचं कोण करणार?” लेम काही दूधपितं बाळ नव्हता, चांगला सहा फुटी गडी होता. पण हे तिला सांगणार कोण? ती पहाटे उठून त्याला खारवलेला कॉड मासा उकडून द्यायची, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, आणि काळा कडक चहा. संध्याकाळी दोघं पत्ते खेळत. तो जिंकला की ती चिडायची आणि ती जिंकली की तो झोपायला जायचा. असा तीस वर्षांचा संसार, नवराबायकोचा नसला तरी संसारच.

आणि मग सत्तावन्नाव्या वर्षी लेमनं लग्न केलं.

बाई ब्रिजवॉटर गावची. कोरिन तिचं नाव. विधवा, केस कापायचं दुकान चालवायची, हसायला लागली की रस्त्यापलीकडे ऐकू जायची. लेम तिच्या भावाचं इंजिन दुरुस्त करायला गेला आणि इंजिन नीट झालं तरी जातच राहिला. एल्डानं लग्नात नवा कोट घातला, सगळ्यांशी गोड बोलली आणि घरी येऊन चुलीत इतकी लाकडं कोंबली की धुराड्याला आग लागायची बाकी राहिली.

तिला घर सोड असं कुणी म्हटलं नाही. कोरिन तर म्हणाली, “अगं राहा की, मला स्वयंपाकाचा कंटाळाच आहे.” हेच एल्डाला झोंबलं. ज्या स्वयंपाकासाठी तिनं सेल्विनला नाही म्हटलं, त्याचा या बाईला कंटाळा! तिनं आपला पलंग आणि आईचं घड्याळ उचललं आणि ‘बीकन’च्या कचेरीवरच्या दोन खोल्यांत राहायला गेली.

पण खरी ठिणगी पडली ती महिन्याभरानं. ती सहज त्यांच्याकडे गेली होती. कोरिननं लेमपुढे चहाचा कप ठेवला. त्यात दूध होतं, साखर होती. आणि लेम तो घुटक्याघुटक्यानं, डोळे मिटून पीत होता.

“तू दुधाचा चहा कधीपासून प्यायला लागलास?” एल्डानं विचारलं.

“मला आवडतो,” लेम म्हणाला.

“मग इतकी वर्षं बोलला नाहीस ते?”

“तू विचारलं नाहीस, एल्डी.”

तो अगदी सरळपणे म्हणाला, त्यात काही खोच नव्हती. एल्डाला मात्र ते रात्रभर टोचत राहिलं. तीस वर्षं तिनं त्याचं केलं आणि बाहेरच्या बाईनं महिन्याभरात विचारून घेतलं. तेव्हापासून तिच्या मनात जी भट्टी पेटली ती विझली नाही. कोरिननं लेमला पिवळा स्वेटर घेतला, एल्डाला तो कावीळ झाल्यासारखा दिसे. कोरिन त्याला शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या नाचाला न्यायची. एल्डा म्हणायची, या वयात गुडघे मोडून घेईल. दर रविवारी लेम बहिणीला भेटायला यायचा आणि सोबत कोरिननं केलेली ‘ॲपल पाय’ आणायचा. तो वळला की एल्डा खिडकी उघडून ती समुद्रपक्ष्यांना घालायची. पक्षी गुटगुटीत झाले, पण एल्डाच्या जिवाला थंडावा नाही.

असं तीन वर्षं चाललं. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी लेम शेडमध्ये एका इंजिनावर वाकलेला असतानाच गेला. हृदय थांबलं. कोरिन कॉफीला हाक मारायला गेली तेव्हा पाना त्याच्या हातातच होता.

एल्डाला निरोप आला तेव्हा ती टाइपरायटरपाशी होती. ती रडली, खूप रडली. खोटं कशाला सांगा, भावावर तिचा जीव होता. पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात पहिला विचार आला तो शब्दाचा. आता शब्द कुणाचा?

बायको असेल तर बायकोचा, असं गाव धरून चाललेलं असतं. पण एमॉसच्या वेळी तिनंच तो पायंडा मोडला होता. तीन वर्षांची बायको की साठ वर्षांची बहीण? एल्डानं ओव्हन पेटवला. नियम म्हणजे नियम. कोरिनलाही केक जाणार, आणि केक काय ते सांगेल. असं ती स्वतःला बजावत होती, आणि पीठ फेटताना तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, खाऊ दे, देवा, तिला खाऊ दे.

एरवी घालते त्यापेक्षा तिनं लोणी जास्त घातलं, हेही सांगून टाकायला हवं.

रविवारी दुपारी ती गेली. कोरिन स्वयंपाकघरात बसली होती. एल्डाची नजर गेली ती तिच्या केसांवर. नीट वळवलेले, एकेक बट जागच्या जागी. नवरा कालच गेला आणि बाईसाहेब केस सेट करून बसल्यात! एल्डानं डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

कोरिननं डब्याकडे बघितलं. मग एल्डाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात पुढे करून एक तुकडा उचलला आणि खाल्ला. सावकाश, पण सगळा खाल्ला. मग दुसरा उचलला.

“छान झालाय,” ती म्हणाली. “आलं ताजं घालतेस की पूड?”

“पूड,” एल्डा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण दुःखानं नव्हे.

“कृती देशील मला?”

“देईन की.”

एल्डा घरी आली ती तरंगतच. बाहेर चिखल आणि अर्धवट वितळलेलं बर्फ होतं, त्यातून ती पोरीसारखी चालत आली. दोन तुकडे! वर कृती विचारतेय! थेल्मानं निदान जायफळाला नाव तरी ठेवलं होतं. एल्डानं टाइपरायटरवर कागद चढवला आणि लिहिलं, लेम्युएल हर्टल, वय साठ, इंजिनदुरुस्तीचे कारागीर. मागे डिस्कॉन्सोलेट बहीण एल्डा, तसेच पत्नी कोरिन. ‘तसेच’ टाइप करताना तिला जो आनंद झाला तो तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्या रात्री ती अगदी गाढ झोपली.

गॉर्डननं मजकूर वाचून भुवया वर केल्या. “मिस हर्टल, त्यांची बायको आहे ना?”

“तिला केक आवडला,” एल्डा म्हणाली. त्यानं छापलं.

गुरुवारी पेपर आला आणि शुक्रवारी अंत्यविधी होता. एल्डा चर्चमध्ये शिरली तर कोरिन पहिल्या बाकावर कडेला बसलेली. एल्डा तिथे जाऊन उभी राहिली. कोरिन आत सरकली. पाद्रीबुवांनी एल्डाचा हात आधी हातात घेतला. लोक तिच्याशी दबक्या आवाजात बोलत होते, टोप्या काढत होते. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये अंड्याची सँडविचेस आणि चहा होता. तिच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणली, कुणी शाल आणली. सगळ्यांच्या मरणांचे शब्द तिनं इतकी वर्षं वाटले होते. आता तिचा तिला मिळाला होता. कोपऱ्यात कोरिन उभी होती, लेमचा पिवळा स्वेटर घालून. एल्डानं तिच्याकडे एकदाच बघितलं आणि तीन वर्षांचा हिशेब चुकता झाला असं तिला वाटलं.

मग ती कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली. तिथे थेल्मा झिंक बाह्या सरसावून भांडी विसळत होती. थेल्मा कोरिनची शेजारीण.

“ये हो, डिस्कॉन्सोलेट बाई,” थेल्मा म्हणाली. “कप ठेव इकडे. चांगली दिसतेयस. गालांवर रंग आलाय.”

“आजच्या दिवशी तरी जीभ आवर, थेल्मा.”

“मी कुठे काय म्हणतेय? केक छान झाला होता म्हणे तुझा. कोरिननं दोन खाल्ले ना?”

“खाल्ले. माझ्यासमोर खाल्ले.”

“तुझ्यासमोर खाल्ले आणि माझ्यासमोर ओकली,” थेल्मा म्हणाली आणि बशी आदळली. “तू कोपऱ्यावरून वळलीस नि ती मागच्या दारातून बाहेर आली. बर्फात गुडघ्यांवर बसून भडाभडा ओकली बिचारी. मीच धरून आत नेलं. शनिवारपासून पाण्याखेरीज पोटात काही ठरत नाहीये तिच्या.”

“काहीतरीच. केस सेट करून बसली होती.”

“अगं बाई, शनिवारी सकाळी केस वळवायला रोलर लावले होते तिनं! रात्री नाचाला जायचं होतं दोघांना. तो गेला आणि रोलर डोक्यातच राहिले. रविवारी मी काढले एकेक करून, तिला तर तेही कळलं नाही. आणि मला म्हणते कशी, एल्डाला सांगू नकोस. मी म्हटलं, मी कशाला सांगतेय?” थेल्मानं हात पुसले. “पण तू कप घेऊन इथपर्यंत आलीस, आता मी तरी काय करू?”

एल्डानं कोट घेतला आणि निघाली. कोरिन तोवर घरी गेली होती. दार उघडंच होतं. ती टेबलापाशी बसली होती, कोटसुद्धा न काढता.

“तू माझा केक का खाल्लास?” एल्डानं दारातूनच विचारलं.

“थेल्माच्या पोटात काही राहत नाही,” कोरिन म्हणाली. “माझ्याही नाही सध्या.”

“तो कशासाठी असतो हे माहीत होतं तुला?”

“सगळ्या गावाला माहीत आहे, एल्डा. लेमनं मला लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणाला, मी आधी गेलो तर एल्डीच्या डब्याला हात लावू नकोस हं. खूप हसलो होतो आम्ही.”

आम्ही.

“मग का लावलास हात?”

“तुझा चेहरा बघितला ना. मी तुकडा उचलेपर्यंत तुझा श्वास अडकला होता. म्हटलं, हिला हवंय, तर मिळू दे.”

“मला तुझी भीक नकोय!” एल्डा ओरडली. “माझा भाऊ होता तो. तीस वर्षं मी त्याचं केलंय. तू कोण मला देणारी?”

“बरं,” कोरिन म्हणाली.

तिनं भांडावं, रडावं, निदान जा म्हणावं अशी एल्डाची फार इच्छा होती. भांडायला इतकी तयारी करून आलेल्या माणसाला समोरून ‘बरं’ ऐकावं लागणं यासारखी फजिती नाही. ती उभीच राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, “त्याला त्रास झाला नाही. डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेला. चांगलं मरण आलं.” कितीतरी घरांत तिनं हे वाक्य कामी आलेलं बघितलं होतं. कोरिननं मान हलवली. कुणी घड्याळात किती वाजले ते सांगितलं तर हलवावी, तशी.

“तुला राग नाही आला? पेपर वाचून?” एल्डानं शेवटी विचारलं.

“मी वाचला नाही,” कोरिन म्हणाली. “आलाय का?”

एल्डा परत निघाली. धुकं उतरलं होतं आणि बंदरावरच्या होड्या दिसेनाशा झाल्या होत्या. चालता चालता तिला आठवत गेलं की आठवडाभर आपण पोटभर जेवलो. रात्री झोप लागली. पहिल्या बाकावर बसलो तेव्हा गंमत वाटली, आणि शाल खांद्यावर पडली तेव्हा ऊब. भाऊ गेल्याचं दुःख होतं, पण त्या एका शब्दानं ते कसं झाकून टाकलं होतं! दुसरं कुणी असतं तर एल्डानं त्याला तो शब्द जन्मात दिला नसता. आणि हे कळूनही तिच्या मनात कोरिनबद्दल माया दाटून आली असं काही नाही. उलट जळफळाटच झाला. या बाईनं घर घेतलं, भाऊ घेतला, त्याच्या चहाची आवडसुद्धा घेतली. आता दुःखही हिचंच मोठं निघालं, आणि वर ते दान करायचा मोठेपणाही हिचाच. रस्त्यात उभं राहून एल्डा ढसाढसा रडली, आणि त्या रडण्यात लेम किती होता आणि कोरिन किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी तिनं गॉर्डनच्या टेबलावर एक चिठोरं ठेवलं. गेल्या अंकातील लेम्युएल हर्टल यांच्या निधनवार्तेत चूक झाली आहे. ‘डिस्कॉन्सोलेट पत्नी कोरिन, तसेच बहीण एल्डा’ असे वाचावे. ‘बीकन’च्या इतिहासात निधनवार्तेची दुरुस्ती कधी छापली गेली नव्हती. गॉर्डननं ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मिस हर्टल, लोक हसतील तुम्हाला. ती थेल्मा तर वर्षभर पुरवून पुरवून हसेल.”

“हसू दे.”

“आणि कोरिनला तरी हे हवंय का? तिला विचारलंत?”

“तिला काहीच नकोय,” एल्डा म्हणाली. “म्हणून तर तिचं नाव घालायचं.”